गॅरंटी तीन मजले चढतो

जो माणूस सगळ्या शहराच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडतो, त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. यावर हसायचं तर आताच हसून घ्या. त्या इमारतीतले लोक कित्येक वर्षं हसतायत आणि त्यांचं अजून पोट भरलेलं नाही.

त्याला सगळे गॅरंटी म्हणतात. वय तीस, उंची बेताची, डोक्यावर बारा महिने टोपी, कमरेला हत्यारांचा पट्टा. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहतात, तिसऱ्या मजल्यावर त्याची आई. बायको औषधांच्या दुकानात कामाला आहे. तिला सकाळी लवकर शटर उघडायचं असतं, म्हणून गॅरंटीचा सकाळचा चहा आईकडे. तो तीन मजले चढून वर येतो. दार उघडंच असतं. आई ओट्याशी पाठमोरी उभी असते आणि वळूनही न बघता विचारते, "छातीत दुखतंय का?"

"नाही."

"बस मग."

तेव्हा कुठं खुर्ची मिळते. पूर्वी तो शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आत हा प्रश्न यायचा. नोकरीला लागल्यावर तो संध्याकाळवर गेला, लग्न होऊन स्वारी तळमजल्यावर राहायला गेली तसा सकाळवर आला. उत्तर मात्र तेवीस वर्षांत एकदाही बदललं नाही. गॅरंटी म्हणतो, आईला दुसरा प्रश्नच सुचत नाही. आई म्हणते, तुला तरी कुठं दुसरं उत्तर सुचतं.

आता ही छातीची भानगड काय आहे ते सांगायला हवं. तो सात वर्षांचा होता तेव्हा साध्या तापाचं निमित्त झालं. ताप उतरला, पण पोरगं उठेना. चार पावलं चालला की भिंत धरायचा. हृदयाचा स्नायूच ढिला पडलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि दुसरं हृदय मिळालं तरच पोर वाचेल, हेही सांगितलं. मग महिनोन्‌महिने वाट बघणं आलं. आईबापांनी दवाखान्याच्या बाकावरच संसार मांडला. शेवटी एक दिवस हृदय मिळालं. ते कुणाचं होतं, हे त्यांना कधीच कळलं नाही. एक लहान मूल होतं आणि त्याच्या आईवडिलांनी हो म्हटलं, एवढंच. पुढं गॅरंटी बरा होऊन भिंतींवरून उड्या मारायला लागला तेव्हा आई खालून म्हणायची, "दिलेली वस्तू आहे, आपटू नकोस." ती कशाबद्दल बोलतेय हे पोराला कळायचं नाही, पण तो उतरायचा.

नाव पडलं ते कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये. शस्त्रक्रियेनंतर बापानं त्याला पहिल्यांदा केस कापायला नेलं. गोळ्यांनी पोराचा चेहरा फुगून भोपळ्यासारखा गोल झालेला. सलूनवाल्यानं कात्री चालवता चालवता सहज विचारलं, "नवीन बसवलंय म्हणे. गॅरंटी किती?" बाप म्हणाला, "दहा वर्षं. नीट वापरलं तर पंधरा." डॉक्टरांनी त्याला तेव्हा खरंच एवढंच सांगितलं होतं. तो हसत म्हणाला, कारण हसला नसता तर तिथंच खुर्चीत बसून रडला असता. नाव चिकटलं ते चिकटलंच. दहा वर्षं झाली. पंधरा झाली, तेव्हा सलूनवाला म्हणाला, "मुदत संपली रे तुझी," आणि त्या दिवशी फुकट दाढी करून दिली. वीसही झाली. तोवर बाप मात्र राहिला नव्हता.

बापाची गोष्ट थोडक्यात अशी, की त्याचं हृदय कंपनीचं, मूळचं. ते दोन दिवस दुखत होतं. आईनं विचारलं, छातीत दुखतंय का, तर नाही म्हणाला. ॲसिडिटी आहे म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेला तो वाटेतच पडला. ज्या घरात सगळ्यांचे डोळे पोराच्या छातीकडे लागलेले, त्या घरातून बाप असा कुणाच्या नकळत निघून गेला. आईनं त्याला अजून माफ केलेलं नाही. ती त्याच्या फोटोशी बोलते, पण टाकून बोलते.

आई आयुष्यभर एका मोठ्या कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर होती. कानाला यंत्र लावून बसायचं, येणारा फोन घ्यायचा आणि हव्या त्या टेबलाला जोडून द्यायचा. साहेब आज चिडलेत की नुसती झोप झालेली नाही, हे ती त्यांच्या "हॅलो"वरून ओळखायची. निवृत्त झाली तशी ती घरच्यांच्या बोलण्याकडे फारसं लक्ष देईनाशी झाली. निदान घरच्यांचा तसा समज होता.

गॅरंटीच्या नव्या हृदयाची एक खोड आहे. ते उशिरा येतं. तुमचं-माझं हृदय जिन्याच्या पहिल्या पायरीवर वेग घेतं, त्याचं दुसऱ्या मजल्याला जागं होतं. आणि एकदा पळायला लागलं की तो खुर्चीत बसला तरी पळत राहतं. लहानपणी त्याला वाघाचं मोठं चित्र दाखवून घाबरवलं तर तो शांतपणे बघत बसायचा, आणि सगळे दुसऱ्या खेळाकडे वळले की याची छाती धडधडायला लागायची. मोठी गंमत झाली ती लग्न ठरताना. महिन्याच्या गोळ्या घ्यायला तो त्या दुकानात जायचा. काउंटरपलीकडची मुलगी त्याच्या गोळ्या काढता काढता त्याला दटावायची, की तुमचं मागच्या खेपेचं एक पाकीट उरलंय कसं, खाल्लं नाही का. असं दोन वर्षं दटावून घेतल्यावर एकदा त्यानं विचारून टाकलं. अगदी शांतपणे, बोल्ट मागावा तसं. ती हो म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध द्यायला वळली. तिनं त्याचे सुट्टे पैसे आणून ठेवले तेव्हा हा काउंटर धरून उभा. छाती अशी उडत होती की तिला वाटलं, नकार समजला की काय.

लिफ्टचं काम त्यानं का धरलं, यावर इमारतीत बरीच मतं आहेत. जिन्याची भीती, असं बहुतेकांचं. तो म्हणतो, गोळ्यांनी उंची खुंटली आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला बुटका माणूस सोयीचा असतो. त्याच गोळ्यांनी हात किंचित थरथरतात. चहाचा कप बशीवर वाजतो, पण पाना हातात आला की थरथर जाते कुठं ते कळत नाही. उन्हानं कातडीला अपाय होतो म्हणून टोपी. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठला मोबाइल कोकलतो, मग तो दोन इमारतींच्या मध्ये कुठंही असला, दोरांवर लटकलेला असला तरी आधी गोळी.

जुन्या दवाखान्यात त्याची एक टोळी होती. त्याच दोन-तीन वर्षांत हृदय बदललेली पाच पोरं. सगळ्यांचे चेहरे गोल, सगळ्यांच्या छातीवर मधोमध शिवण, कुणाची शिवण सरळ यावर पैजा लागायच्या. त्यातल्या एकानं सोळाव्या वर्षी गोळ्या लपून फेकायला सुरुवात केली, कारण वर्गातल्या मुली त्याच्या गालांना हसायच्या. तो त्याच वर्षी गेला. दुसरा बाविसाव्या वर्षी झोपेत गेला. आदल्या संध्याकाळी गॅरंटीशी फोनवर हसत बोलला होता. त्याचे वडील भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "त्याच्या छातीत कधी दुखलंच नाही हो." तिसरी आता दुसऱ्या गावी शाळेत शिकवते, तिला दोन मुलं आहेत, आणि ती शर्यतीत धावतानाचे स्वतःचे फोटो सगळ्यांना पाठवून वात आणते. चौथी बेकरी चालवते. तिचं पहिलं हृदय एकोणीस वर्षं चाललं, मग रक्तवाहिन्या आतून अरुंद होत गेल्या, गोळ्यांनी मूत्रपिंडंही दमली, आणि तिला नवं हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही मिळेपर्यंत वर्षभर दवाखान्यात पडून राहावं लागलं. आता ठणठणीत आहे, पाव उत्तम भाजते. पण त्या वर्षात गॅरंटी तिला भेटायला गेला होता. उशीच्या कडेला तिचं मनगट पडलं होतं, काडीएवढं. ते बघून तो घरी आला आणि त्या दिवशी आईच्या प्रश्नाला त्यानं जरा मोठ्यानंच नाही म्हटलं.

तेव्हापासून त्याला एका गोष्टीची धडकी भरली होती. दर वर्षी एक तपासणी असते. मनगटातून बारीक नळी आत घालतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात. लहानपणापासून तो ती करून घ्यायचा, लहान मुलांच्या विभागातच. एकोणतीस वर्षांचा बाप्या, छोट्या लाल खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसायचा, समोर भिंतीवर बदकं. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना तो मोठ्या बाई म्हणायचा आणि त्या त्याला अजून जाताना गोळी द्यायच्या, लिमलेटची. त्या निवृत्त झाल्या. जाताना म्हणाल्या, "आता तू मोठ्यांच्या विभागात जायचं. कागद मी पाठवते. पहिली वेळ तू ठरव. आणि ठरव म्हणजे ठरव." गॅरंटी हो म्हणाला. घरी येऊन म्हणाला, बघू. पुढच्या महिन्यात म्हणाला, सध्या काम फार आहे. मुलांच्या दवाखान्याला वाटलं, तो मोठ्यांच्याकडे गेला. मोठ्यांच्या दवाखान्याला तो जन्मलाय हेच माहीत नव्हतं. तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टसारखा आत बसून राहिला, आणि त्याला तिथं बरं वाटत होतं. वर्ष गेलं, वर काही महिने गेले.

बायको मागं लागली की तो म्हणायचा, "अगं, दुखत नाही काही. आई रोज विचारते ना."

"आई विचारतात म्हणजे तपासणी झाली का?"

"जवळजवळ."

त्याच सुमारास त्याचं आणि आईचं वेगळंच भांडण चाललं होतं. तळमजल्यावरची शेजारची जागा रिकामी झाली होती. आईचे गुडघे दुखतात. एक जिना उतरायचा तर कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरते. गॅरंटी म्हणाला, खाली राहायला ये. ती नाही म्हणाली. खाली ओल आहे म्हणाली. डास आहेत म्हणाली. वर वारा येतो म्हणाली. गॅरंटीनं खाली पंखा लावून देतो सांगितलं, तर म्हणे पंख्याचा वारा लागतो. शेवटी सुनेनं मध्ये पडून पाहिलं, तिलाही वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. म्हातारी हट्टी आहे, यावर सगळ्या इमारतीचं एकमत झालं. जागा दुसऱ्या कुणी घेतली.

आणि मग दम लागायला लागला. आधी गॅरंटीला वाटलं, वजन वाढलंय. मग वाटलं, हत्यारांचा पट्टा जड झालाय. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत हवा पुरेना. आईसमोर धापा टाकत जायची सोय नाही, लगेच दवाखाना, लगेच ती नळी, लगेच ते काडीएवढं मनगट. म्हणून त्यानं शक्कल काढली. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त साहेब राहतात. त्यांना पोटाचा विकार आहे आणि त्या पोटाबद्दल बोलायला माणूस हवा असतो. सकाळी काय झालं, काल काय झालं नाही, कुठल्या चूर्णानं होता होता राहिलं. सगळी इमारत त्यांच्या दारावरून चवड्यांवर चालत जाते. गॅरंटी मात्र थांबायला लागला. "काय साहेब, कसं काय?" म्हणायचं आणि चौकटीला टेकून श्वास जागेवर येईपर्यंत पोट ऐकायचं. साहेबांचे डोळे भरून यायचे. तरुण पिढीत अशी आस्था कुठं राहिलीय, असं ते चार ठिकाणी सांगायला लागले. मग उरलेला एक मजला सावकाश चढून गॅरंटी वर जायचा.

"छातीत दुखतंय का?"

"नाही."

आणि ते खोटं नव्हतं, हेच तर त्याचं समाधान होतं. दुखत असतं तर तो गेला असता, असं तो स्वतःला सांगायचा. दुखत नाही म्हणजे साधा दम आहे.

एका दुपारी मोठ्यांच्या विभागातून त्याला फोन आला. तुमची वेळ ठरली आहे, जुने कागद आमच्याकडे आले आहेत, येताना कुणाला तरी सोबत आणा. गॅरंटीनं फोन ठेवला आणि तडक दुकानात जाऊन बायकोला धरलं. "माझ्या मागं वेळ ठरवतेस?"

"मी? मी तुझ्याशी भांडण्यात वर्ष घालवलं. फोन करायचं डोक्यात आलं असतं तर एवढं भांडले कशाला असते?"

त्याचा विश्वास बसला नाही. पण वेळ ठरली होती, आणि बायको आता चपला घालून उभी होती.

नवा डॉक्टर दिसायला शाळकरी होता. खुर्च्या मात्र पुरत्या मापाच्या, भिंतीवर बदकं नाहीत. गॅरंटीला तिथं एकदम पोरकं वाटलं. डॉक्टरनं विचारलं, "दम लागतो?"

"नाही. रोज तीन मजले चढतो. आमच्याकडे लिफ्ट नाही." हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून तो थांबला. डॉक्टर हसला नाही, तेव्हा त्यानं पुढं जोडलं, "आणि छातीत तर कधीच दुखत नाही. घरी रोज विचारतात."

"ते दुखणार कसं?" डॉक्टर म्हणाला. "हृदय बदलताना रक्तवाहिन्या जोडतात, नसा जोडता येत नाहीत. त्या कापलेल्याच राहतात. म्हणून तर तुमचं हृदय उशिरा वेग घेतं. पुढं काहींच्या थोड्या नसा आपोआप वाढून जुळतात, पण त्यावर विसंबता येत नाही. तुमच्या हृदयाला त्रास झाला तरी ते दुखून सांगेलच असं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का हे?"

कुणी सांगितलं नव्हतं, कारण घराचा नियमच तसा होता. डॉक्टरांशी बोलणं आईबापानं करायचं, त्या वेळी पोरानं पलीकडच्या खोलीत चित्रं काढायची. पोराला भिववायचं नाही. पुढं मोठा झाल्यावर दवाखान्यातून माहितीची पुस्तकं मिळाली होती, पण यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचायचं नाही हा मेकॅनिक लोकांचा बाणा. त्यानं ती खिडकीची फट बुजवायला वापरली.

पण तार नाही म्हणजे काय, हे त्याला दुसऱ्या कुणी समजावून द्यायला नको होतं. लिफ्टमध्ये धोक्याचं लाल बटण असतं. आत अडकलेला माणूस ते दाबत राहतो, आणि मागची तार जोडलेली नसेल तर बाहेर कुणाला काही ऐकू येत नाही. त्याला तो बाविसाव्या वर्षी गेलेला मित्र आठवला. त्याचे वडील आठवले. त्याच्या छातीत कधी दुखलंच नाही हो.

"लागतो," गॅरंटी म्हणाला. "दम लागतो. बरेच महिने झाले."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं नुसता त्याचा हात घट्ट धरला, जरा जास्तच घट्ट. भीती त्याला तिथंच वाटली. छाती धडधडायला लागली ती बसस्टॉपवर.

तपासणी त्याच आठवड्यात झाली. हृदयाच्या समोरून उतरणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी अगदी दोऱ्याएवढी उरली होती. तिथं जाळीची नळी बसवली आणि रक्ताला वाट करून दिली. डॉक्टरनं दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं. "आणखी उशीर केला असता तर ही भेट झाली नसती. बारीक फांद्यांमध्येही आजार सुरू झालाय, तिथं नळी घालता येत नाही, म्हणून औषध बदलतोय. मूत्रपिंडं थोडी थकलीत, त्यांच्यावर लक्ष ठेवू. कधीतरी दुसऱ्या हृदयाचं बोलावं लागेल. आज नाही. आणि हे जे आहे ना, त्यानं तेवीस वर्षं उत्तम काम केलंय. त्याच्यावर रागावू नका."

गॅरंटी रागावला नव्हता. तपासणीच्या टेबलावर पडल्यापासून तो त्या आईवडिलांचा विचार करत होता, ज्यांनी हो म्हटलं होतं. दिलेली वस्तू आपण दुसऱ्या मजल्यावर पोटाच्या गप्पा ऐकत वाया घालवत होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

आठवडाभर गॅरंटीला जिना बंद होता. आई खाली यायची, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, हातात चहाची किटली. नको म्हटलं तरी यायची. चहा द्यायची, त्याच्या पलंगावर टेकायची, सुनेशी दुकानाच्या गोष्टी करायची. पण छातीचा प्रश्न तिनं त्या आठवड्यात एकदाही विचारला नाही. गॅरंटीला वाटलं, घाबरली असेल बिचारी.

मग डॉक्टरनं जिना चढायला परवानगी दिली. हळूहळू चढा, चढलंच पाहिजे, म्हणाला. पहिल्या सकाळी गॅरंटी निघाला तो मनात गंमत घोळवतच. आईला चिडवायला त्याला असा मुद्दा उभ्या जन्मात मिळाला नव्हता. दुसऱ्या मजल्यावर साहेबांचं दार लगबगीनं उघडलं. "आज जरा घाईत आहे, साहेब," म्हणून तो पुढं गेला. साहेब दुखावले, पण त्याला इलाज नव्हता.

दार उघडं होतं. आई ओट्याशी पाठमोरी.

"छातीत दुखतंय का?"

"नाही."

"बस मग."

तो बसला नाही. "आई, एक सांगू? तुझा हा प्रश्न फुकट आहे. माझ्या हृदयाला तारच जोडलेली नाही. ते दुखूच शकत नाही म्हणतात. तेवीस वर्षं तू मला असा प्रश्न विचारतेयस ज्याचं उत्तर एकच आहे."

आईनं गॅस बारीक केला. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तार नाही ते. मोठ्या बाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितलं. तू पलीकडं चित्रं काढत होतास. त्या म्हणाल्या, हे दुखून सांगणार नाही, तेव्हा याचा दम बघत जा. जिना चढून आला की बघा."

"मग दमच विचारायचा ना."

"आणि तू खरं सांगितलं असतंस? तुझे बाबा दोन दिवस नाही नाही करत होते. तुम्हा बापलेकांच्या शब्दाला मी काय किंमत देऊ?" तिनं भांड्यात साखर टाकली. "तू काय उत्तर देतोस ते मी कधी ऐकलंच नाही. ते कसं येतं तेवढं ऐकत होते. एका दमात येतं की तुटून येतं. इतकी वर्षं सारखंच यायचं. मग गेल्या वर्षी तुटायला लागलं. 'ना' एकीकडे आणि 'ही' दुसरीकडे."

गॅरंटीनं खुर्चीची पाठ धरली.

"मग एकाएकी परत नीट यायला लागलं. मला वाटलं, बरं झालं. पण पावलांकडे कान दिला तर स्वारी दुसऱ्या मजल्यावर मुक्कामाला. साहेबांचं पोट ऐकायला." ती अजूनही पाठमोरीच होती. "ज्या माणसाला चुकवायला तू लहानपणी कठड्यावरून घसरत खाली जायचास, त्याच्या पोटाची तुला एवढी काळजी कधीपासून लागली? तेव्हाच मी म्हटलं, आता हा मुलगा स्वतःहून जायचा नाही."

"म्हणजे दवाखान्याला फोन तू केलास."

"मग कोण करणार? आयुष्य बोर्डावर गेलं माझं. मुलांच्या दवाखान्यातून मोठ्यांच्या दवाखान्याला एक फोन जोडून देता येणार नाही का मला?"

गॅरंटीची नजर तिच्या पायांकडे गेली. आईनं बोलता बोलता एक पाय जरा उचलून घेतला होता आणि हातानं गुडघा चोळत होती. ते बघून त्याच्या डोक्यात काहीतरी हललं.

"आई, तू खाली राहायला का आली नाहीस? खरं सांग. ओल, डास, वारा, ते सोड."

"खाली येऊन काय करू? खाली जिना आहे का?" ती म्हणाली. "मी खाली आले असते तर तू चढून कुठं आला असतास?"

चहा उकळून वर आला, तिनं तो उतरवला आणि गाळला. गॅरंटी तिच्या पाठीकडे बघत उभा होता. हृदय नेहमीसारखं मागं राहिलं होतं, पण डोळे लगेच भरले. त्यांच्या तारा शाबूत होत्या.

"आई," तो म्हणाला, "तुझ्या छातीत दुखतंय का?"

हा प्रश्न त्या घरात तिला कुणी कधी विचारला नव्हता. नवऱ्यानं नाही, मुलानं नाही. ती वळली. दोन्ही हातांत दोन कप होते.

"दुखतं की," ती म्हणाली. "रोज सकाळी. तुझी पावलं खालून वाजायला लागली की सुरू होतं. तू नाही म्हणालास की थांबतं."

तिनं त्याचा कप टेबलावर ठेवला. "बस आता. निवतोय."

तो बसला. अर्धा चहा झाल्यावर त्याची छाती धडधडायला लागली.